खोल पावडरसाठी रुंद, खेळकर स्की: निवड, जोडणी आणि पहिले उतार

रुंद स्की घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती रुंद घेऊ? त्याचं उत्तर पुढे येईलच, पण सुरुवात तिथून करू नका. रुंदी तुम्हाला बर्फाच्या वर ठेवते, तिचं काम तेवढंच. स्की सहज वळते का, हवी तेव्हा आडवी घसरते का, पाठमोरं उतरू देते का, हे तिच्या टोकांच्या वक्रतेवर, लवचिकतेवर आणि बूट तिच्यावर नेमका कुठे बसतो यावर ठरतं. 118 मिलिमीटरची स्की हट्टी असू शकते आणि 106 ची कमालीची खेळकर. म्हणून खरेदी करताना आधी आकार बघा, मग आकडा.

पिस्टवर, म्हणजे यंत्राने दाबून तयार केलेल्या उतारावर, समांतर वळणं नीट जमतात आणि आता खोल, मोकळ्या बर्फात जायचं आहे, अशांसाठी हा लेख आहे. स्की निवडण्यापासून पहिल्या उतारापर्यंत जे जे करावं लागतं ते सगळं त्याच क्रमाने सांगतो.

आधी तुमचा बर्फ कोणता ते ठरवा

नुकताच पडलेला कोरडा, सुटा बर्फ, म्हणजे पावडर, साधारण 50 ते 100 किलो प्रति घनमीटर भरतो. म्हणजे त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास नुसती हवा असते. दमट ताजा बर्फ 100 ते 200 किलोपर्यंत जातो, काही दिवस बसलेला 200 ते 300, आणि यंत्राने दाबलेला पिस्ट 400 च्या पुढे. या चार पृष्ठभागांवर एकच स्की चार वेगळ्या स्कींसारखी वागते.

होक्काइदोत सायबेरियाची थंड हवा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलते आणि हलका बर्फ ढिगाने टाकते. यूटाच्या वॉसाच पर्वतातला बर्फही त्याच्या कोरडेपणासाठी ओळखला जातो. उलट कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडात प्रशांत महासागरावरून येणारा ओला बर्फ इतका जड असतो की स्की करणारे त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात. हलक्या बर्फात तुम्ही खोल जाता, पण तो पायाला अडवत नाही, तिथे क्षेत्रफळ हवं. जड बर्फात फारसं बुडत नाही, पण बर्फ स्कीला धरून ठेवतो, तिथे थोडा ताठपणा आणि थोडं वजन उपयोगी पडतं.

दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यावं लागतं. तुमच्या वाट्याला येणाऱ्या दिवसांपैकी गुडघाभर बर्फाचे किती असतात? रिसॉर्टमध्ये रात्री बर्फ पडला की सकाळची पहिली काही तासच तो अस्पर्श राहतो. दुपारपर्यंत सगळं तुडवलं जातं, ढेकळं आणि खड्डे होतात. तुमची स्की त्या दुपारीही तुमच्या पायात असणार आहे. सर्वात स्वप्नवत दिवसासाठी घेतलेली स्की बाकीच्या दिवसांना पायाला बेडी होते, आणि बहुतेकांची निवड इथेच चुकते.

रुंदी

स्कीची रुंदी सांगतात ती मधल्या, बुटाखालच्या सर्वात अरुंद भागाची. पिस्टच्या स्की साधारण 65 ते 85 मिलिमीटर, सगळीकडे चालणाऱ्या 85 ते 105, आणि त्यापुढच्या पावडरच्या.

थोडं गणित करू. बूट-कपड्यांसह 85 किलोचा माणूस धरा. 170 सेंमी लांब आणि सरासरी 95 मिमी रुंद अशा पिस्टच्या जोडीचं क्षेत्रफळ 0.32 चौरस मीटर होतं. 184 सेंमी लांब आणि सरासरी 125 मिमी रुंद जोडीचं 0.46. तेवढंच वजन जवळपास दीडपट जागेवर पसरतं. मात्र उभं राहिलात तर या जोडीवरही बुडालच. वर राहण्याचं बाकीचं काम वेग करतो. स्कीचं वर उचललेलं टोक बर्फाला खाली दाबतं आणि बर्फ तिला वर ढकलतो. रुंद स्कीचा खरा फायदा हा की हे कमी वेगात, कमी उतारावर सुरू होतं. पुढे सुरक्षिततेबद्दल बोलताना हा मुद्दा पुन्हा लागेल.

रुंदीची किंमत कडक बर्फावर मोजावी लागते. बुटाचा तळ साधारण 70 मिमी रुंद असतो. 72 मिमीच्या स्कीची कड बुटाच्या जेमतेम खाली असते, 116 ची कड दोन्ही बाजूंना बुटाच्या 23 मिमी बाहेर. कड बर्फात रोवायची तर ती सगळी तरफ घोटा आणि गुडघा सांभाळतात. दिवसभर कडक पिस्टवर रुंद स्की चालवली की संध्याकाळी गुडघे त्याचा हिशोब मागतात.

माझं मत असं. एकच जोडी ठेवायची असेल तर 104 ते 110. घरात दुसरी अरुंद जोडी असेल तर बिनधास्त 112 ते 118. 120 च्या पुढची स्की फक्त हेलिकॉप्टरने किंवा स्नोकॅटने (बर्फावर चालणाऱ्या पट्ट्यांच्या गाडीने) डोंगरावर जाऊन दिवसभर खोल बर्फात राहणाऱ्यांनी घ्यावी.

रॉकर: खेळकरपणा इथून येतो

स्की सपाट जमिनीवर ठेवली आणि मधला भाग थोडा वर उचललेला राहिला, तर तो कॅम्बर. टोकं आधीच वर वळायला लागली, तर तो रॉकर. जुन्या स्कींना पूर्ण लांबीचा कॅम्बर असायचा. दोन्ही टोकं खाली दाबलेली, म्हणजे कडक बर्फावर पकड चांगली, पण पावडरमध्ये पुढचं टोक बुडायला तयारच. ते वर ठेवण्यासाठी लोक मागे झुकायचे आणि मांड्या भरून यायच्या.

रुंदी वाढवण्याचा प्रयोग 1980 च्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या ॲटॉमिक कंपनीने केला आणि कॅनडातल्या हेलिस्कीइंगमध्ये त्या जाड्या स्की लोकप्रिय झाल्या. पण खरा कलाटणीचा विचार स्कीपटू शेन मॅककॉन्कीचा. त्याचं म्हणणं साधं होतं: स्कीची कंबर बारीक आणि टोकं रुंद ठेवायची ती कडक बर्फावर कडेने वळता यावं म्हणून. खोल बर्फात कड कशावरच टेकत नाही, अख्खा तळ काम करतो. मग आकार उलटा का नको? त्याने पाण्यावरच्या स्की बर्फावर चालवून पाहिल्या, आणि 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत व्होलांट कंपनीने त्याच्या कल्पनेतली स्पॅच्युला काढली. ती मध्ये रुंद, टोकांकडे निमुळती आणि पूर्ण लांबीभर वर वळलेली होती. कडक बर्फावर ती चालवणं कठीण, पण पावडरमध्ये ती आडवी घसरायची, हव्या त्या कोनात फिरायची. आजच्या जवळजवळ प्रत्येक पावडर स्कीत त्या विचाराचा अंश आहे.

आज तुम्हाला बहुधा हवी ती मधली तडजोड: पुढे भरपूर रॉकर, बुटाखाली थोडा कॅम्बर, मागे पुन्हा रॉकर. पुढचा रॉकर टोक वर ठेवतो. मागचा रॉकर शेपटाला मोकळं करतो, म्हणजे वळणाच्या शेवटी शेपूट बर्फात अडकून राहत नाही, तुम्ही ते बाजूला सारू शकता. खेळकर आणि गंभीर स्कीतला सर्वात मोठा फरक या शेपटात असतो. पुढे रॉकर पण मागे सपाट, ताठ शेपूट असलेली स्की खोल बर्फात उत्तम तरंगते, वेगात भरवसा देते, पण खेळू देत नाही.

हे बघायची पद्धत सोपी आहे. जोडीच्या दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून उभ्या धरा आणि मधोमध हाताने घट्ट दाबा. कॅम्बरची फट मिटली की दोन्ही टोकं कुठून वेगळी व्हायला लागतात ते बघा. खेळकर पावडर स्कीत पुढची फट टोकापासून 35 ते 50 सेंमी आतपर्यंत येते, मागची 25 ते 40. मागची फट फक्त शेवटच्या दहा सेंमीत दिसली, तर ती स्की कोणी कितीही खेळकर म्हणून विकत असला तरी तिचं मन सरळ जाण्यात आहे. मग शेपूट स्वतःकडे ओढून वाकवून बघा. पुढच्या भागाइतकंच किंवा किंचित जास्त ताठ असेल तर छान. हलवूनही हलत नसेल तर पुढची जोडी मागा.

शेपूट वर वळलेलं असणं ही ट्विन टिपची, म्हणजे दोन्ही टोकं वर वळलेल्या स्कीची, देणगी. 1998 मध्ये सॅलोमनने टेन-एटी काढली तेव्हा ती उड्या-कसरतींसाठी बांधलेल्या पार्कातल्या उड्यांसाठी होती, पाठमोरं उतरता यावं म्हणून. पुढे एरिक पोलार्डसारख्या स्कीपटूंनी लाइन कंपनीच्या स्कींमधून तोच जवळजवळ सममित, मऊ आकार रुंद करून पावडरमध्ये आणला. तिथून पावडरमध्ये स्की घसरवत, टोकांवर फिरत उतरण्याची शैली रुळली.

बाह्यरेषा, लवचिकता, वजन

स्कीचा सर्वात रुंद भाग टोकाला आहे की टोकापासून आत, बुटाकडे सरकलेला, ते वरून बघा. आत सरकलेला असेल तर टोक बर्फात पकडून स्कीला भलतीकडे ओढत नाही. वळणाची त्रिज्या स्कीवर छापलेली असते. पावडरमध्ये तिला फारसं महत्त्व नाही, पण 18 ते 22 मीटर असली तर पिस्टवर परतताना वागायला सोपी जाते.

लवचिकतेचं माझं समीकरण असं: टोकं मऊ, बुटाखाली ठाम. टोकं मऊ असली की वाकवून त्यांच्यावर फिरता येतं. बुटाखाली स्की लुळी असेल तर उडीवरून उतरताना ती कोलमडते. पॉलोनिया किंवा पॉपलर लाकडाचा गाभा स्कीला हलकं ठेवतो. ॲश किंवा मेपलच्या पट्ट्या जिवंतपणा आणि टिकाऊपणा देतात. टायटॅनल या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पूर्ण लांबीचा थर वेगात शांत ठेवतो, पण खेळकरपणा कमी करतो. रिसॉर्टसाठी एका स्कीचं वजन 1900 ते 2200 ग्रॅम योग्य वाटतं. 1700 च्या खालच्या स्की चढून जाणाऱ्यांसाठी. तुडवलेल्या बर्फात त्या पाखरासारख्या उडतात.

लांबी

दोन्हीकडे रॉकर असलेल्या स्कीचा बराच भाग कडक बर्फाला टेकतच नाही, त्यामुळे ती मोजमापापेक्षा आखूड वाटते. म्हणून पिस्टच्या स्कीपेक्षा लांब घ्या. उंचीइतकी ते उंचीपेक्षा दहा सेंमी जास्त. झाडांत फिरणारे आणि हलक्या वजनाचे खालच्या टोकाला, मोकळ्या उतारांवर वेगात जाणारे वरच्या. छापलेल्या लांबीत आणि फुटपट्टीच्या लांबीत एक-दोन सेंमीचा फरक असतो, त्याने गोंधळू नका.

बूट नेमका कुठे बसवायचा

याकडे सर्वात कमी लक्ष दिलं जातं आणि खेळकर स्कीत याचाच सर्वात मोठा परिणाम होतो. स्कीच्या कडेवर किंवा वरच्या पृष्ठावर कंपनीने सुचवलेली एक रेघ असते. बुटाच्या तळाच्या मध्यावरची खूण त्या रेघेवर यावी, अशी अपेक्षा असते. ही रेघ स्कीच्या खऱ्या मध्याच्या किती मागे आहे ते स्वतः मोजा. टेप शेपटाच्या टोकाला लावून सरळ पुढच्या टोकापर्यंत ताणा. समजा 184 सेंमी आलं. निम्मं 92. आता शेपटापासून रेघेपर्यंत मोजा. 88 आलं तर बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, जागा ‘उणे 4’.

जुन्या पद्धतीच्या, एकाच दिशेने जाणाऱ्या स्की उणे 8 ते उणे 12 असतात. खेळकर पावडर स्की उणे 2 ते उणे 6. पार्काच्या स्की शून्याच्या आसपास. पुढे सरकलं की स्की दोन्ही बाजूंना समतोल होते, हवेत आणि बर्फावर सहज फिरते, पाठमोरं उतरताना शेपूट पुरेसं लांब असतं. पण बुटापुढे टोक कमी उरतं, म्हणून नडग्यांनी बुटाच्या जिभेवर जोर दिला की टोक बुडतं. मागे सरकलं की टोक तरंगतं, तुम्ही पुढे झुकून आक्रमक चालवू शकता, पण फिरणं जड होतं.

माझा सल्ला: पहिली पावडर जोडी असेल तर कंपनीची रेघ सोडू नका. आतापर्यंत पुढे झुकूनच स्की करत आला असाल तर एक सेंमी मागे चालेल, त्याहून जास्त नाही. खेळकर स्की तीन सेंमी मागे लावली की तिचा समतोलच बिघडतो, आणि मग ती खेळकर का वाटत नाही हे कळत नाही. ज्यांना अजून खात्री नाही त्यांनी आधी भाड्याच्या स्कीवर, जिथे बाइंडिंग पुढे-मागे सरकतं, दोन-तीन जागा आजमावून बघाव्या. त्याच उतारावर, त्याच बर्फात, एका वेळी एकच सेंमी सरकवून.

बाइंडिंग

बाइंडिंगच्या ब्रेकची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीइतकी किंवा दहा-बारा मिमी जास्त हवी. त्याहून रुंद ब्रेक बर्फात लोंबतो. बुटाचा तळ कोणत्या प्रकारचा आहे, पारंपरिक, चालायला सोपा ग्रिपवॉक की चढाईचा, ते दुकानदाराला सांगा. प्रत्येक बाइंडिंग प्रत्येक तळ स्वीकारत नाही.

भोकं पाडण्याचं काम साचा असलेल्या तंत्रज्ञाकडूनच करून घ्या. धातूचा थर नसलेल्या स्कीला सहसा 3.6 मिमीचं ड्रिल लागतं, धातू असेल तर 4.1 चं. नेमका आकार बहुतेक स्कीवर छापलेला असतो. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमची स्की करण्याची पद्धत या पाच गोष्टींवरून बाइंडिंग सुटण्याचा आकडा तक्त्यातून काढतात. पावडरमध्ये स्की हरवेल या भीतीने तो आकडा वाढवू नका. खोल बर्फात हळू, पिळवटत पडणं होतं, आणि स्की सुटली नाही तर गुडघ्याचे अस्थिबंध जातात. हरवलेली स्की सापडते.

कडा आणि वॅक्स

नव्या स्कीच्या कडा टोकापर्यंत धारदार येतात. रॉकर जिथे सुरू होतो त्याच्या पुढची, म्हणजे जमिनीला न टेकणारी कड रबरी गमी स्टोनने हलकेच बोथट करा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. बुटाखालच्या कडेला हात लावू नका. एवढ्या पाच मिनिटांच्या कामाने घसरणं लगेच सोपं होतं. वॅक्स तापमान बघून लावा: कडाक्याच्या थंडीत कठीण, ओल्या बर्फात मऊ. कोरडा तळ पावडरमध्ये अचानक थांबवतो आणि सौम्य उतारावर चालत यायची वेळ आणतो.

पहिले उतार

20 ते 25 अंशांचा मोकळा उतार निवडा, बर्फ घोट्यापासून नडगीपर्यंत. खाली अडथळा नसलेली सपाट जागा असावी.

पहिल्यांदा वळूच नका. सरळ सोडा आणि गुडघे-घोटे हळूच वाकवत, सोडत खाली-वर व्हा. स्की बर्फात दबते आणि परत वर येते, ती लय पायाला कळू द्या. पावडरमधलं वळण याच लयीवर होतं: दबलेल्या स्थितीतून वर येताना स्की हलकी होते, तेव्हाच पाय फिरवायचे.

उभं राहायचं मधोमध. तळपायाच्या मध्यावर वजन, नडगी बुटाच्या जिभेला नुसती टेकलेली, हात पुढे आणि नजरेच्या टप्प्यात. मागे झुकण्याची सवय मोडायला मला एकच युक्ती उपयोगी वाटते. बुटात टाच तळाला टेकलेली राहू दे, पण कंबर सतत टाचेच्या पुढे आहे का ते दर दोन वळणांनी तपासा. मांड्या पेटल्या की समजा, तुम्ही मागे गेला आहात.

वजन दोन्ही पायांवर सारखं. पिस्टवर बाहेरच्या पायावर जोर द्यायची सवय असते. पावडरमध्ये तसं केलं की बाहेरची स्की बुडते, आतली वर तरंगते आणि दोघी वेगळ्या दिशांना जातात. पाय थोडे जवळ आणा, दोन्ही स्की मिळून एकच रुंद तळ आहे असं वागा.

आता वळण. कड रोवू नका. दोन्ही पाय एकत्र, हळूहळू फिरवा आणि स्कीला आडवं घसरू द्या. पिस्टवर वळण कोरायचं असतं, इथे सारायचं असतं. वेग कमी करायचा तर कोन वाढवून अजून आडवं सारा, थोपवायला अचानक जोर देऊ नका. खोल बर्फात झटका दिला की स्की थांबते आणि तुम्ही पुढे जाता.

हे जमलं की खेळायला लागा. वाऱ्याने साचलेल्या बर्फाचा छोटा कठडा दिसला तर त्यावर थोडा वेग ठेवून जा आणि वळणाच्या शेवटी दोन्ही टाचा बाहेर सारा. बर्फाचा पडदा उडतो, वेग कमी होतो आणि स्की पुन्हा उताराकडे स्वतःच वळते. नंतर सौम्य उंचवट्यावर टोकांवर भार देऊन शेपटं उचला आणि अर्धा फेरा घ्या. पाठमोरे झालात की नजर खांद्यावरून खाली उताराकडे. पाठमोरं उतरण्याचा सराव आधी पिस्टवर करा. पावडरमध्ये शेपूट बुडालं तर पाठीवर पडायला होतं, लागत नाही, पण उठायला बराच वेळ जातो.

उठायची रीत: हाताने रेटू नका, हात खांद्यापर्यंत जातो. दोन्ही काठ्या फुलीसारख्या बर्फावर आडव्या ठेवा, फुलीच्या मध्यावर तळवा टेकवा आणि स्की उताराला आडव्या करून उठा.

दुपारच्या तुडवलेल्या बर्फात पाय थोडे जास्त वाकलेले ठेवा, ढेकळं गुडघ्यांनी पिऊन टाका, वळणं लांब घ्या. वाऱ्याने वर पापुद्रा धरलेल्या बर्फात स्की सारता येत नाही. तिथे लहान उडी मारून हवेत फिरवा, नाहीतर सरळ तो उतार टाळा.

स्की हरवली तर

सुटलेली स्की बर्फाखाली शिरते आणि वरून काही दिसत नाही. लोक आपण थांबलो तिथे खाली शोधतात. ती बहुधा वर, जिथे सुटली तिथे जवळच असते. आधी जागा लक्षात ठेवा, काठी रोवून खूण करा. मग सुटलेल्या जागेपासून सुरू करून दुसऱ्या स्कीचं शेपूट उताराला आडवं, वीत-दीड वीत अंतराने बर्फातून चिरत खाली या. घाईघाईने तुडवत फिरलात तर खुणा पुसल्या जातात. स्कीला बांधायच्या रंगीत फिती मिळतात, मीटर-दीड मीटरच्या. एक टोक बाइंडिंगला लावायचं, बाकीची फीत पॅन्टच्या आत कोंबायची. खोल बर्फाच्या दिवशी त्या जरूर वापरा.

स्की परत घालताना पायाखाली बर्फ दाबून टणक बैठक करा, स्की उताराला आडवी ठेवा, बाइंडिंगचा मागचा भाग उघडा आहे का बघा, आणि बुटाच्या तळाला चिकटलेला बर्फ बाइंडिंगच्या पुढच्या भागावर घासून पूर्ण काढा. तळाला बोटभर बर्फ राहिला तर बाइंडिंग बंद झाल्यासारखं वाटतं आणि पुढच्याच वळणावर सुटतं.

झाडं आणि हिमस्खलन

सदाहरित झाडांच्या खालच्या फांद्यांखाली बर्फ साचत नाही आणि बुंध्याभोवती पोकळ खड्डा राहतो. डोक्यावर त्यात पडलं तर स्वतःहून बाहेर येणं जवळपास अशक्य असतं, आणि माणूस गुदमरतो. म्हणून झाडांच्या फांद्यांच्या टोकांपासून लांब राहा, काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा, आणि जोडीदार सतत दिसेल किंवा ऐकू येईल इतका जवळ ठेवा. पडायला लागलात तर फांदी किंवा बुंधा धरा, डोकं वर ठेवा, ओरडा. खाली गेलातच तर धडपड थांबवून तोंडासमोर हवेची जागा करा.

रिसॉर्टच्या नियंत्रित हद्दीबाहेर पाऊल टाकणार असाल तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याला संकेतांवरून शोधणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवाच, आणि ते वापरण्याचा सराव आधी झालेला हवा. गाडल्या गेलेल्या माणसाची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तोपर्यंत बाहेरची मदत पोहोचत नाही, तुमचे सोबतीच मदत असतात. सकाळी हिमस्खलनाचा अंदाज वाचा. तो एक ते पाच अशा पातळ्यांत असतो, आणि तीन म्हणजे मध्यम नव्हे, तीन म्हणजे लक्षणीय धोका.

बर्फाचे थर बहुतांश 30 ते 45 अंशांच्या उतारांवर सुटतात. रुंद स्कीचा मघाशी सांगितलेला गुण इथे कामी येतो. अरुंद स्कीला खोल बर्फात नीट पुढे सरकायला जास्त तीव्र उतार लागतो. रुंद, रॉकरची स्की 22-25 अंशांवरही तरंगते, घसरते, फिरते. धोका जास्त असलेल्या दिवशी सौम्य उतार निवडूनही दिवस मजेत जातो, आणि मला या स्कींबद्दल सर्वात जास्त आवडतं ते हेच. उताराचा कोन नकाशावर किंवा कोनमापकाने मोजा, डोळ्यांवर विसंबू नका. आणि तुमच्या सौम्य उताराच्या डोक्यावर तीव्र उतार नाही ना, हेही बघा. वरून सुटलेला बर्फ सपाटीवरही येऊन पोहोचतो.

दिवस संपल्यावर

दोन्ही स्की पुसून कडा कोरड्या करा, ओल्या स्की तळाला तळ लावून पट्ट्याने बांधून ठेवू नका, रात्रीत गंज धरतो. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फाखाली दगड असतात, तेव्हा तळावर बोट फिरवून ओरखडे तपासा. गाभ्यापर्यंत गेलेला ओरखडा लगेच भरून घ्या, नाहीतर पाणी शिरून लाकूड फुगतं. नव्या जोडणीनंतर पहिल्या दोन-तीन दिवसांनी बाइंडिंगचे स्क्रू तंत्रज्ञाकडून एकदा तपासून घ्या. रुंद स्कीची कड बुटाबाहेर असल्याने कडक पिस्टवर या स्क्रूंवर जास्त ओढ येते, आणि एखादा ढिला झाला तर तो आधी पुढच्या भागाच्या किंचित डुगडुगण्यातून कळतो.